खर्जाची तार

गेल्या श्रावणात, बेळगावचा पाऊस ऐन भरात असताना, माझी पुतणी निपाणीहून बसने आली. खांद्यावर पावणेचार फूट लांबीची काळी, पातळ पिशवी. पिशवी भिजू नये म्हणून वरून गुंडाळलेला खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा कागद. पोर स्वतः मात्र नखशिखांत ओली झालेली. पाया पडून झाल्यावर तिने ती पिशवी दिवाणावर ठेवली आणि म्हणाली, "मोठे काका, बाबांनी याच्याकडे पाहायलाही नकार दिलाय. तुम्ही तरी पाहाल ना?"

पिशवीत बास गिटार होती. शिकवण्या घेऊन साठविलेल्या नऊ हजार आठशे रुपयांत तिने ती घरपोच मागविली होती. महाविद्यालयातील चार-पाच मुलामुलींचा वाद्यवृंद आहे. गणेशोत्सवात त्यांना प्रथमच मंडपात वाजवावयाचे होते. हाती होता जेमतेम महिना, आणि वाद्य तर वाजण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तारा दांडीपासून इतक्या उंच, की दाबताना बोटांना वळ पडावेत. तारा दाबून सुरात येत नव्हत्या, आणि ध्वनिवर्धकाला जोडताच माशी अडकल्यासारखी घरघर सुरू होई.

माझा गिटारशी कधीच संबंध आलेला नाही. माझ्याकडे आहे तो एक जुना मिरजेचा तानपुरा, आणि त्याची जवारी कशी लागते याविषयीची चाळीस वर्षांची हौस. पण ती माझ्याकडे आली याचे आणखी एक कारण होते, आणि ते तिला ठाऊक नव्हते. १९८४ साली तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, सतरा वर्षांचा असताना निपाणीतील एका परिचिताकडचे जुने मेंडोलिन अडीचशे रुपयांना घ्यावयाचे म्हणत होता. आमचे वडील नुकतेच वारले होते. घरचा कर्ता मी. "असली भंगार वाद्ये घेऊन कोणी शिकत नसतो, आधी परीक्षा दे," असे सांगून मी तो विषय मिटविला. त्यानंतर त्याने कोणत्याही वाद्याला हात लावल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे त्या दुपारी पुतणीला "पाहतो" म्हणताना मी केवळ तिच्याशीच बोलत होतो असे नाही.

पुष्कळ वाचकांच्या घरी अशी पिशवी आज ना उद्या येणारच आहे, म्हणून या वाद्याची थोडी ओळख करून देतो. बास गिटारला चार जाड तारा असतात, आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावतात. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे एकेचाळीस कंपने करते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातील खर्ज सेकंदास सुमारे एकोणसत्तर कंपनांचा असतो. तोच स्वर या गिटारच्या तिसऱ्या तारेवर, चौथ्या पडद्यावर सापडतो. म्हणजे आपल्या खर्जाच्याही खाली उतरणारे हे वाद्य आहे. गाणे सुरू असताना ते वेगळे ऐकू येत नाही. थांबले की मात्र गाणे पोकळ झाल्यासारखे वाटते. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत टोनी वाझ हे वाद्य वाजवीत. ती गाणी आपण सर्वांनी ऐकली आहेत, पण त्यांतली बास गिटार मुद्दाम ऐकणारे आपल्यांत किती निघतील?

या वाद्याचा जन्मही गमतीदार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली ते बाजारात आणले. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे! तोवर खर्जासाठी माणसाच्या उंचीचे, उभे धरावयाचे अवजड वाद्य वापरीत. त्याला पडदे नसल्यामुळे सूर केवळ कानाने शोधावा लागे. फेंडर यांनी पडदे बसविले, वाद्य खांद्याला अडकविता येईल असे केले, आणि सूर अचूक लागतो म्हणून त्याचे नावच 'प्रिसिजन' ठेवले.

आता स्वस्त वाद्यात नेमके स्वस्त काय असते? मी प्रथम समजलो की लाकूडच हलके असणार. पण दिवाणावर आडवे ठेवून नीट पाहिल्यावर ध्यानात आले, की लाकूड बरे आहे, दांडी पिळलेली नाही, खुंट्या घट्ट आहेत. वाचविली आहे ती हाताची मजुरी. यंत्राने कापलेले भाग जोडले आणि पेटीत भरले. शेवटचे दोन-तीन तास जो माणूस वाद्य मांडीवर घेऊन ऐकत बसतो, तो माणूस या किमतीत बसलेला नाही. ते काम घेणाऱ्याने करावयाचे असते.

आम्ही दोघे कामाला लागलो. पहिली गोष्ट दांडीची. चार तारांचा मिळून सुमारे पाऊणशे किलोंचा ताण दांडीवर येतो आणि ती पुढे वाकते. ते वाकणे सावरण्यासाठी तिच्या पोटात एक पोलादी सळई असते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबावी. मधल्या सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांत भेटकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. आमच्याकडे चक्क एक रुपयाचे नाणे जात होते. सळईची चावी उजवीकडे फिरविली की दांडी सरळ होते; मात्र एका वेळी पाव आट्याहून अधिक कधीही फिरवू नये, आणि मग एक रात्र जाऊ द्यावी. लाकूड सावकाश ऐकते. बेळगावच्या पावसाळी हवेत तर फारच सावकाश. आम्हांला तीन रात्री लागल्या.

दुसरी गोष्ट, दांडीच्या टोकाशी असलेली खाचांची पट्टी. तिच्यातील खाचा उथळ असल्या की पहिल्या काही पडद्यांवर तार दाबणे जड जाते आणि सूर चढा लागतो. खाचा खोल करण्यासाठी पुतणीने एक छान युक्ती आणली होती: जुन्या तारेच्या तुकड्याला बारीक पॉलिशकागद गुंडाळावयाचा आणि त्यानेच घासावयाचे, म्हणजे खाच नेमकी तारेच्या जाडीची होते. ती सांभाळून घासत होती. मीच म्हणालो, "आण इकडे, जवारीचे काम केलेला हात आहे हा." आणि सर्वांत जाड तारेची खाच मी घासली. दोन हात अधिक चालले. तार लावून छेडली तर ती मोकळीच पहिल्या पडद्यावर आपटून खडखडू लागली.

पोर काहीच बोलली नाही. तिचा तो न बोलणारा चेहरा मी १९८४ साली पाहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी तिला आणि तिची गिटार घेऊन मिरजेस गेलो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या वंशजांनी मिरजेचे नाव देशभर नेले, हे सर्वश्रुत आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य याच गावी होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे इथे येऊन सतार-तानपुरे होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गल्लीत मी कारखान्यात यंत्रावर झालेली विजेची गिटार घेऊन शिरलो, तेव्हा मनातून थोडा ओशाळलोच होतो.

तेथल्या वृद्ध कारागिरांनी वाद्याची किंमत विचारली नाही. डोळ्यासमोर आडवे धरून दांडी न्याहाळली, एकेक पडदा नखाने चाचपला, आणि मी बिघडविलेल्या खाचेवर बोट ठेवून फक्त "घाई झाली," एवढेच म्हणाले. पट्टी प्लॅस्टिकची होती. जवारीसाठी पूर्वी हरणाचे शिंग वापरीत, हल्ली हाड वापरतात. अशाच एका हाडाच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी तासाभरात नवी पट्टी घडविली. खाच घासावी, तार ठेवावी, छेडावी, कान लावावा, पुन्हा तार उचलावी. शेवटची खाच त्यांनी पुतणीकडून घासून घेतली. मध्ये एकदा ती थांबली, तेव्हा म्हणाले, "आता बास. कान सांगतो तिथं थांबायचं." तीनशे रुपये घेतले.

परतल्यावर उरलेली कामे तिनेच केली. घोडीवर प्रत्येक तारेला स्वतंत्र बैठक असते. ती खालीवर करून, बाराव्या पडद्यापाशी जाड तारेची उंची सुमारे अडीच मिलिमीटर ठेवली. मग सुराचे काम. बाराव्या पडद्यावर तारेला केवळ स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर, हे दोन्ही एक हवेत. दाबल्याने तार ताणली जाते, जाड तार अधिक. म्हणून दाबलेला स्वर चढा येतो. तसा आला की बैठक मागे, म्हणजे दांडीपासून दूर न्यावी. उतरा आला की पुढे आणावी. हे नव्या तारा घालूनच करावे. जुन्या, मळलेल्या तारा कोणत्याच बैठकीवर खऱ्या होत नाहीत. पेटीचे सूर पं. रामभाऊ विजापुरे यांच्या हातून ऐकलेल्या या गावात सुराबाबत "चालेल" म्हणण्याची सोय नाही, असे मी तिला म्हणालो. ती हसली.

राहिली घरघर. हात तारांना लावला की ती कमी व्हावयास हवी. आमच्याकडे तिळमात्र फरक पडत नव्हता. म्हणजे घोडीखालून जाणारी भूमीची तार सुटलेली. आमच्या गल्लीतील जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी मागची झाकणी उघडली, डाख दिला, आणि आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती पट्टीही त्याच तारेला जोडली. मग घरघर इतकी निवळली की पावसाचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. वाद्याच्या तारा अशा रीतीने ध्वनिवर्धकाच्या भूमीशी जोडलेल्या असतात. म्हणून ध्वनिवर्धक नेहमी तीन पिनांच्या आणि खरोखर भूमिबद्ध केलेल्या जोडणीतूनच चालवावा. जुन्या वाड्यांतून तिसरे भोक नुसते शोभेचे असते. वीजतंत्र्याकडून ते तपासून घ्यावे. मंडपातील ओल्या जमिनीवर तर दुप्पट काळजी.

जमाखर्च असा: वाद्य नऊ हजार आठशे, तारांचा संच सोळाशे, हाडाची पट्टी तीनशे, तांब्याची पट्टी अडीचशे, डाखकाम दीडशे. एकूण बारा हजार शंभर. ज्यांच्या घरी अशी खरेदी होणार असेल त्यांनी दुकानातच दांडी एका डोळ्याने नेम धरल्यासारखी पाहावी. पुढे वाकलेली दांडी सरळ होते. पिळलेली सहसा होत नाही, ती घेऊ नये. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून पाहावा, खुंट्या फिरवून पाहाव्या. रंग आणि नाव यांना भुलू नये. आणि घेतल्याबरोबर आतली विजेची सामग्री बदलण्याच्या मागे लागू नये. तो खर्च मोठा, आणि आधी वरचे सर्व केल्यावर बहुधा त्याची गरजच वाटत नाही.

गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम झाला. गाणी मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही होती. भाऊ निपाणीहून आला आणि मंडपाच्या अगदी मागे, खांबापाशी उभा राहिला. मीही तेथेच जाऊन उभा राहिलो. पोरीचे दोनदा चुकले, तिसऱ्या गाण्यापासून ती स्थिरावली. खुर्चीच्या पाठीवर ठेवलेल्या त्याच्या डाव्या हाताची बोटे तालावर नव्हे, स्वरांवर हलत होती. हे मी पाहिले आणि मला राहवेना.

"तेव्हा ते मेंडोलिन मी तुला घेऊ द्यायला हवे होते," मी म्हणालो.

बराच वेळ तो समोरच पाहत होता. मग म्हणाला, "तेव्हा पैसे कुठे होते, दादा?"

पैसे होते. पोस्टात वडिलांच्या नावचे साडेचारशे रुपये होते, आणि पासबुक त्यानेच आणून माझ्या हाती दिले होते. तो ते विसरलेला नाही, हे मला ठाऊक आहे. मी काही बोललो नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्याने मुलीकडून गिटार मागून घेतली. खिशातून शिंप्याची फीत काढली, आणि लांबी, रुंदी, दांडीची जाडी अशी मापे एका कागदावर लिहून घेतली. निपाणीत रेक्झिनची आतून अस्तर लावलेली पिशवी शिवून मिळते म्हणाला. हे खताचे पोते बरे दिसत नाही.