परवाना खिशात, हात कोरे!

हौशी रेडिओचा परवाना मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, ही चांगली गोष्ट आहे असे सगळे म्हणतात. मीही म्हणते. परंतु परवाना मिळालेल्यांपैकी किती जणांना स्वतःच्या हाताने तार तोडून, ती टांगून, तिच्यावरून शेजारच्या जिल्ह्याशी बोलता येते, असे विचारले की सभा शांत होते. परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग निघतात. हाताला, कानाला आणि जिभेला काम शिकवणारे वर्गही निघायला हवेत, आणि ते आपल्यासारख्या कला महाविद्यालयात निघायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे शेवटचे वाक्य वाचून विज्ञान शाखेतील मित्र हसतील. हसोत बापडे!

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून, कसल्याही मोबदल्याशिवाय बिनतारी संदेशांची देवघेव करणारा तो हौशी रेडिओचालक. जगभर त्याला ‘हॅम’ म्हणतात. त्याला हवेत गाणी लावता येत नाहीत, धंद्याचे बोलता येत नाही. आपल्याकडे परवान्याआधी परीक्षा असते. तीत नियमांचा एक भाग आणि रेडिओच्या तत्त्वांचा दुसरा. २०१० च्या सुमारास झालेल्या बदलांनी तिच्या दोन श्रेणी झाल्या. वरच्या, म्हणजे ‘जनरल’ श्रेणीला मोर्स लिपी मिनिटाला आठ शब्द या गतीने पाठवता आणि घेता आली पाहिजे. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स नाही. जिनिव्हाच्या २००३ मधील जागतिक परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली, त्याच वाऱ्याचा हा परिणाम. त्याबद्दल गळा काढणाऱ्या जुन्या मंडळींपैकी मी नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अशा एका वर्गाला मी दोन दिवस बसले होते. कुठल्या, ते सांगत नाही. दोन दिवसांत आम्हांला प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली गेली. ओहमचा नियम आला, डायोड आला, कंपनलहरींची कोष्टके आली. टेबलावर एक रेडिओ संच होता. तो शेवटपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिला. एका मुलाने विचारले, “सर, हा लावायचा कसा?” उत्तर आले, “ते परवाना आल्यावर आपोआप कळतं.” आता, आपोआप कळणारी कुठली विद्या या कोल्हापुरात आहे? इथे दंड-बैठका मारल्याशिवाय, हौद्यातली माती अंगाला लागल्याशिवाय, वस्तादाने शंभर वेळा पाय ओढल्याशिवाय कुणी पैलवान झालेला नाही. डावांची नावे पाठ करून खासबागेत उतरणाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. हौशी रेडिओत मात्र आपण डावांची नावे पाठ करणाऱ्याला लंगोट देऊन मोकळे होतो.

हातकामाचा वर्ग म्हणजे नेमके काय? माझ्या मते त्याची सुरुवात तारेपासून व्हावी. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, ज्याला चाळीस मीटर म्हणतात, बोलायचे तर साधी द्विध्रुव अँटेना लागते. ४६८ ला मेगाहर्ट्झने भागले की तारेची लांबी फुटांत मिळते. ७.१ साठी ती सुमारे ६६ फूट येते. मधोमध तोडून दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट. एवढे पुस्तकात आहे, आणि परीक्षेतही विचारता येते. पण ती तार प्रत्यक्ष टांगली की गंमत सुरू होते. पत्र्याच्या छपराजवळ नेली की गणित बिघडते. खाली आली की बिघडते. म्हणून तार प्रथम हातभर जास्तच ठेवायची, एस.डब्ल्यू.आर. मीटरकडे बघत दोन्ही बाजूंनी सारखी थोडीथोडी कापायची, आणि काटा खाली आला की हात आवरायचा. तोकडी झालेली तार पुन्हा वाढवताना जी चिडचिड होते, ती कुठल्याही प्रश्नसंचात नाही.

आणखी एक गोष्ट. ही तार फार उंच नेण्याचे कारणच नाही. वीस-पंचवीस फुटांवर आडवी टांगली तर तिची शक्ती बरीचशी सरळ वर जाते, आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परततेे आणि छत्रीसारखी आसपासच्या दोनतीनशे किलोमीटरांत पसरते. दूर देशांशी गप्पा मारणाऱ्याला ही अँटेना निरुपयोगी वाटेल. पण कोल्हापूरहून सांगली, सातारा, पुणे गाठायचे तर दिवसाउजेडी हिच्यासारखी दुसरी नाही. हातात धरायचे छोटे संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. त्यांच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात. शहरातल्या इमारतींत त्यांचा दम चार-सहा किलोमीटरांत संपतो. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाच्या डोंगरावर जाऊन तोच संच लावला तर तो निराळाच होतो. कुठल्या कामाला कुठली तार आणि कुठली जागा, हा विचार हाताने केल्याशिवाय येत नाही.

डाग देण्याचे कामही शिकवावे. गुजरीतल्या सोनारांच्या गावात कथलाचा कच्चा डाग ओळखायला शिकवणारा मिळणार नाही, असे कुणी म्हणू नये. आणि उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री केबलचे टोक बसवायला पाच मिनिटांत शिकवील. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मला अधिक लिहायचे आहे ते बोलण्याबद्दल. कारण रेडिओवर शेवटी जाते ती भाषा, आणि इथेच आपला, म्हणजे कलाशाखेचा, संबंध येतो.

अशी कल्पना करा की पूर आला आहे, आवाजात खरखर आहे, आणि कुणीतरी निरोप सांगत आहे: “शिरोलीला औषध पाठवा.” की शिरोळला? एक पुणे-बंगळूर महामार्गावर, कोल्हापूरच्या वेशीपाशी; दुसरे थेट पूर्वेला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडचे तालुक्याचे ठिकाण. २०१९ मध्ये पाणी दोन्हीकडे होते. “बावड्याला होडी हवी.” कसबा बावडा की गगनबावडा? एक शहरातच, दुसरा घाटमाथ्यावर पन्नासेक किलोमीटरांवर. खरखरीत शब्दाचा निम्मा भाग गळतो, आणि आपल्या गावांची नावे अशी की निम्म्या नावाने होडी भलतीकडे जाईल.

आकड्यांचे तर विचारूच नका. मराठी आकडे ऐकायला गोड, पण बिनतारीवर घातकी. त्रेचाळीस आणि त्रेपन्न, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव! राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. तिथे त्रेचाळीसचे त्रेपन्न ऐकू आले तर काय गोंधळ उडेल? म्हणून आकडा सुटा सांगायचा: चार, तीन. आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी जगन्मान्य यादी आहे. मराठी अक्षरांसाठी सर्वमान्य यादी कुठे वापरात दिसत नाही. फोनवर नाव सांगताना आपण जो तो मनाला येईल ते बोलतो: भ भटजीचा, श शहामृगाचा, ळ बाळातला. ही यादी पक्की करणे, तिच्यातले शब्द खरखरीतही वेगळे ऐकू येतात की नाही हे पारखणे, हे मराठी विभागाचे काम नव्हे तर कुणाचे? या सरावाला रेडिओही लागत नाही. पंखा पूर्ण वेगाने लावावा, दार लोटावे, एकाने आतून निरोप वाचावा, दुसऱ्याने बाहेर लिहून घ्यावा. वीस शब्दांचा निरोप न चुकता उतरवणारे किती निघतात ते पाहावे.

मोर्सबद्दलही एक निरीक्षण मांडते. आपण वृत्तांसाठी लघु-गुरू शिकतो, ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. लघूला टिंब आणि गुरूला रेघ माना. तीन चिन्हांची मोर्स अक्षरे आठच आहेत, आणि आपले गणही आठ! य गण म्हणजे डब्ल्यू, म म्हणजे ओ, त म्हणजे जी, र म्हणजे के, ज म्हणजे आर, भ म्हणजे डी, न म्हणजे एस आणि स म्हणजे यू. ‘मिळाले’ हे कळवायला मोर्समध्ये आर वाजवतात, तो ज गण; ‘आता तू बोल’ म्हणायला के, तो र गण. आणि संकटात सापडलेल्या जहाजाची हाक, एस.ओ.एस., म्हणजे न गण, म गण, न गण. नमन! फरक एवढाच की आपला गुरू दोन मात्रांचा, मोर्सची रेघ तीन टिंबांएवढी. आणि ती संकटाची हाक मध्ये न थांबता सलग वाजवायची असते. मोर्स डोळ्यांनी टिंबे मोजून शिकणारा पुढे अडखळतो, कानाने लय पकडणारा तरतो, असे जाणकार सांगतात. लयीचे शिक्षण आपल्याकडे आहे. ते वृत्ताच्या तासाला संपते, एवढेच.

“अहो, मोबाइलच्या काळात हे कशाला?” हा प्रश्न मला प्राध्यापक-खोलीतही विचारला गेला. मोबाइल उत्तमच आहे. पण तो एकटा नाही, त्याच्यामागे मनोरा आहे, मनोऱ्यामागे वीज आहे, आणि वीज गेल्यावर बॅटरी व डिझेल आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. डिझेलचा कॅन घेऊन जाणारा माणूस कुठल्या रस्त्याने जाणार? बारा व्होल्टच्या गाडीच्या बॅटरीवर चालणारा संच आणि गच्चीवरची तार यांना असा मधला दुवा लागत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या वेळी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानचा संपर्क तुटल्यावर त्यांच्या संचावरून निरोप जाऊ लागले. ते शक्य झाले, कारण तारा आधीच टांगलेल्या होत्या आणि माणसे दिवसेंदिवस संचावर बसलेली होती. लाट आल्यावर कुणी माहितीपुस्तिका उघडून बसले नव्हते.

दुसरा आक्षेप, हे विज्ञानवाल्यांचे काम. त्याला माझे उत्तर उषा मेहता. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू करणाऱ्या उषाताई तत्त्वज्ञानाच्या पदवीधर होत्या. जागा बदलत, पोलिसांना चकवत ते केंद्र १२ नोव्हेंबरपर्यंत चालले. अर्थात, यंत्र बांधणारे हात दुसऱ्यांचे होते, हे मी लपवीत नाही. आणि एक तंत्रज्ञ फितल्यामुळे मंडळी पकडली गेली, असेच सांगितले जाते. मला यातून दोन्ही गोष्टी दिसतात. बोलणाऱ्याला धैर्य आणि भाषा हवी, ती कलाशाखेकडे असू शकते. आणि यंत्राची विद्या एकाच माणसाच्या हाती ठेवणे धोक्याचे. दहा जणांना येत असेल तर एक गेल्याने, आजारी पडल्याने किंवा फितल्याने केंद्र बंद पडत नाही.

नोकरी मिळेल का, असेही काही मित्र विचारतात. बहुधा नाही. स्नेहसंमेलनातल्या नाटकानेही मिळत नाही, तरी तालमीला रात्री अकरापर्यंत थांबतोच ना आपण?

तेव्हा मागणी अशी. नियमाप्रमाणे परवाना नसलेल्याने प्रक्षेपण करायचे नसते, म्हणून शहरातील एखाद्या परवानाधारकाला महाविद्यालयाने सन्मानाने बोलवावे. संच त्यांचा, जबाबदारी त्यांची, हातकाम आमचे. रविवारी सकाळी भूगोल विभागाची खोली रिकामी असते, नकाशेही तिथेच आहेत. साहित्य म्हणाल तर तांब्याची तार, थोडी केबल, दोन सोल्डरिंग आयर्न, मोर्सच्या सरावाला एक बझर. एस.डब्ल्यू.आर. मीटर तेवढा विकत घ्यावा लागेल. जिमखान्याच्या निधीतून तो निघू शकतो असे मला वाटते, आणि न निघाल्यास वर्गणी काढायला आम्ही आठ जण तयार आहोत. पावसाळ्याआधी, मार्च ते मे, बारा रविवार पुरेत. पहिले तीन तारेला, दोन डागाला आणि केबलला, उरलेले सगळे निरोपाला. परीक्षेचा अभ्यास ज्याने त्याने घरी करावा.

गच्चीच्या कठड्यापासून मागच्या अंगणातल्या कडुलिंबापर्यंतचे अंतर आम्ही सुतळीने मोजले. ते ७४ फूट भरले. तार बसून दोन्ही टोकांना दोरीला जागा उरते. गच्चीची किल्ली मात्र कार्यालयात असते आणि रविवारी कार्यालय बंद असते. ती शनिवारी दुपारी मिळावी, अशा अर्थाचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर आम्ही ठेवला आहे.