नावातला ‘ळ’

इंग्रजी अमदानीतील ‘पूना’ हे रोमन लेखन १९७८ साली मागे पडले आणि मूळ उच्चाराला जवळचे ‘पुणे’ हे लेखन अधिकृत झाले. तरीही त्या चार रोमन अक्षरांत ‘ण’ नाही. कारण न आणि ण यांना त्या लिपीत एकच अक्षर आहे. असे असूनही हिंदी वृत्तपत्रे आज ‘पुणे’ असेच छापतात. त्यांच्यापुढे देवनागरी रूप आहे, हेच त्याचे कारण.

पुण्याच्या लोकमान्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. टिळक हिंदीत अद्यापि ‘तिलक’च आहेत. हिंदीत ‘ळ’ प्रचारात नाही, हे मान्य केले तरी ‘ट’ तर आहे ना? ओळखीचा शब्द पुढे आला आणि आडनाव मागे राहिले. त्याच न्यायाने गाडगीळांचे ‘गाडगिल’ होतात आणि काळे यांचे ‘काले’.

परंतु याबाबत मराठीनेही फार ताठ्याने बोलू नये. केरळातील एका शहराचे नाव आपण सर्रास ‘कोझिकोड’ असे लिहितो. मल्याळममधील त्या अक्षरात ‘झ’चा गंधही नाही, ते आपल्या ‘ळ’ला कितीतरी जवळचे आहे. ‘ळ’ हाताशी असताना आपण रोमन अक्षरांच्या मागे गेलो, एवढाच याचा अर्थ.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. शाळेचा दाखला, शिधापत्रिका आणि पारपत्र यांवर एकाच व्यक्तीचे नाव तीन प्रकारे लिहिले गेले, की हेलपाटे त्या व्यक्तीलाच घालावे लागतात. रोमन अक्षरांखाली टिंबे देऊन ल-ळ, त-ट हे भेद दाखविण्याची सोय विद्वानांनी केली आहे. पण कचेरीच्या अर्जात त्या टिंबांना जागा नाही. आता तर संगणक रोमन नावावरून देवनागरी रूप घडवितो आणि काळे यांचे ‘काले’ मराठी कागदावरही उमटू शकते.

उपाय अवघड नाही. शाळेच्या पटावर नाव प्रथम देवनागरीत, पालकांना विचारून लिहावे; त्याचे एकच रोमन रूप ठरवावे आणि पुढे सर्वत्र तेच चालवावे. देवनागरी रूप हवे असेल तेव्हा ते पटावरूनच घ्यावे. परभाषिक नाव लिहितानाही त्या भाषेच्या जाणकाराला एकदा विचारावे. दुसऱ्याचे नाव नीट लिहिणे हा सौजन्याचा पहिला धडा होय. आणि तो शाळेच्या पटापासूनच गिरवला पाहिजे.