विज्ञानकथेत भेटणारा राहुल आणि आपण

6 डिसेंबरला शिवाजी पार्कात किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरात पुस्तकांच्या स्टॉलवर काय विकलं जातं, हे आपल्याला पाठ आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म', खंड, फुले, संविधान, आत्मकथनं. पण त्या स्टॉलवर रांगेत उभ्या असलेल्या पोरापोरींच्या मोबाइलमध्ये बऱ्याचदा वेगळीच पुस्तकं असतात. ड्रॅगन, परग्रह, उद्ध्वस्त झालेली शहरं. चळवळीतली वडील मंडळी याला टाइमपास म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही, कारण जगभरचे फँटसी आणि विज्ञानकथेचे वाचक आज जे वाचताहेत त्यात आपला थेट संबंध असलेला मजकूर आहे. त्यातलं एक पुस्तक तर आपल्याला चांगलंच अस्वस्थ करणारं आहे.

ते म्हणजे श्रीलंकेचे लेखक वज्र चंद्रसेकेरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' ही 2023 ची कादंबरी. 2024 मध्ये तिला या क्षेत्रातलं मानाचं नेब्यूला पारितोषिक मिळालं, ह्यूगोच्या अंतिम यादीतही ती होती. कथानायकाचं नाव फेटर, म्हणजे बेडी. बंधन या अर्थाने ज्याचं नाव ठेवलं गेलं असा मुलगा म्हटल्यावर आपल्या घरात कोण आठवतो? राहुल. आपल्या प्रत्येक वस्तीत दोन-चार राहुल असतातच.

या कादंबरीतला मुलगा बापाने सोडून दिलेला आहे. बाप मोठा धर्मसंस्थापक झालाय, त्याचे पंथ झालेत, त्याच्या नावाने सत्ता चालते. आईने जन्मताच मुलाची सावली कापून टाकली आणि त्याला एकाच कामासाठी वाढवलं, बापाला मारण्यासाठी. आपल्या परंपरेत मातृवध, पितृवध, अर्हताची हत्या, बुद्धाचं रक्त सांडणं आणि संघभेद ही पाच महापातकं मानली जातात. ही आई त्या पाचांचा जणू अभ्यासक्रमच करून मुलाला शिकवते. मुलगा पळून शहरात येतो. त्या शहरात साथी आहेत, दंगली आहेत, छावण्या आहेत आणि माणसांची जात-वंशाप्रमाणे केलेली गुंतागुंतीची वर्गवारी आहे. वाचताना कोलंबो डोळ्यांसमोर येतं. खरं सांगायचं तर मुंबईही येते.

पहिली प्रतिक्रिया रागाची होऊ शकते. तथागतांवर बेतलेलं पात्र असं का रंगवावं? हा राग आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या समाजाची श्रद्धास्थानं रोज विटंबली जातात, ज्याच्या पुतळ्यांना पिंजऱ्यात ठेवावं लागतं, त्याला कातडी जाड करा असं सांगणं सोपं आहे. पण लेखक कुठल्या जमिनीवर उभा राहून लिहितोय ते आधी पाहिलं पाहिजे. श्रीलंकेच्या राज्यघटनेतलं नववं कलम बौद्ध धर्माला अग्रस्थान देतं. 1956 साली तिथे सिंहली हीच एकमेव राजभाषा झाली, जुलै 1983 मध्ये तमिळांची कत्तल झाली. 2012 मध्ये बोदु बल सेना उभी राहिली. जून 2014 मध्ये अलुथगामात आणि मार्च 2018 मध्ये कँडी जिल्ह्यात मुसलमानांची घरं-दुकानं जळाली. बोदु बल सेनेच्या व्यासपीठांवर चीवरधारी बसलेले होते. म्यानमारमध्येही तेच, 2017 साली सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले.

आपण बोधगयेत अल्पसंख्य म्हणून लढतोय. महाबोधी महाविहाराचा कारभार पूर्णपणे बौद्धांच्या हाती द्या आणि 1949 चा कायदा रद्द करा, ही मागणी घेऊन 2025 च्या फेब्रुवारीपासून भिक्खूंनी तिथे उपोषण केलं. त्यामुळे समुद्रापलीकडे आपल्याच धम्माच्या नावाने बहुसंख्याकांचं राज्य चालतं, हे आपल्याला पाहायला आवडत नाही. पंचशील ध्वज दोन्हीकडे तोच आहे. चंद्रसेकेरांची कादंबरी नेमकं तेच पाहायला लावते.

बाबासाहेबांनी हे पाहण्याचं टाळलं नव्हतं. मे 1950 मध्ये ते श्रीलंकेत जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच सुमारास महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या लेखात त्यांनी भिक्खूसंघावर स्पष्ट बोट ठेवलं: संख्या फार, सेवा कमी. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिताना त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेल्या गृहत्यागाची परंपरागत कथाच नाकारली, आणि रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेला तंटा तिथे आणला. म्हणजे बुद्धकथेकडे प्रश्न घेऊन जाणं आपल्याला परकं नाही. विनयातला राहुलही बापाकडे वारसा मागायलाच जातो. त्याला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदन दुःखाने तक्रार करतो, आणि आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला संघात घेऊ नये असा नियम होतो. बापाच्या घराण्याने हरकत घेतली आणि ती नोंदवूनही ठेवली गेली. आमच्या मते ही आपल्या परंपरेची ताकद आहे.

चंद्रसेकेरांची सगळी मांडणी आम्हाला पटते असं नाही. धर्म म्हणजे सत्ताच, असं त्यांचं पुस्तक जवळपास म्हणतं. 1956 च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांना धम्माने माणूस केलं, त्यांचा अनुभव त्यात कुठे नाही. तो त्यांनी लिहावा अशी अपेक्षाही नाही. तो आपण लिहायचा आहे.

आणि तसं लिहिणाऱ्यांना दारं उघडत आहेत, हीच खरी बातमी. ऑक्टेव्हिया बटलर ही कृष्णवर्णीय लेखिका 2006 मध्ये वारली. तिची 1993 ची 'पॅरेबल ऑफ द सोअर' 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आली. त्यात 2024 नंतरची जळती, पाण्यावाचून तडफडणारी कॅलिफोर्निया आहे, आणि बदल हेच सत्य मानणारा नवा पंथ उभारणारी एक तरुणी. अनित्यता ऐकून वाढलेल्या आपल्या मुलींना ती ओळखीची वाटेल. एन. के. जेमिसिन यांनी 2016, 2017 आणि 2018 असं सलग तीन वर्षं ह्यूगो मिळवलं. ज्यांच्या श्रमावर जग टिकतं त्यांनाच ते जग अस्पृश्य ठरवतं, हा त्यांच्या त्रिधारेचा गाभा. 'हे पुरस्कार आमच्या हातून गेले' म्हणून अमेरिकेतल्या एका गटाने त्याआधीची काही वर्षं मतदानाची मोहीम चालवली होती; आरक्षणाविरुद्धच्या बोंबा ऐकलेल्यांना ती भाषा नवी नाही.

भारतातून मिमी मंडल या दलित लेखिकेने बटलरवरच्या पत्र-निबंधांचा संग्रह सहसंपादित केला आणि 2018 मध्ये त्या ह्यूगोच्या अंतिम यादीत पोहोचल्या. 2024 मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातविरोधी विज्ञानकथांचं अख्खं पुस्तक काढलं.

मराठीत मात्र काय आहे? नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने स्पर्धेत कथा पाठवून या प्रवाहाला बळ दिलं, हे ऋण मान्य. पण मराठी विज्ञानकथेतली प्रयोगशाळा रोज कोण झाडतं, हे आपल्याला क्वचितच कळतं. दुसरीकडे पुराणांवरच्या फँटसीचा बाजार तेजीत आहे. अवतारांच्या त्याच कथा जोतिरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी'त उलट्या करून दाखवल्या होत्या, आणि बळीराजाची बाजू आजही कुणी कादंबरीत नीट लिहिलेली आमच्या पाहण्यात नाही. आपल्या साहित्याने भोगलेला काल जगासमोर ठेवला. उद्याचं गाव कसं असेल, तिथल्या विहिरीवर कोण असेल, हे रैदासांनी बेगमपुऱ्यात पाहिलं होतं. आपण ते काम बहुतेक सोडून दिलं.

म्हणून काही विहारांत रविवारच्या वंदनेनंतर अर्धा-पाऊण तास अशा पुस्तकांचं वाचन सुरू करावं, असा आमचा प्रस्ताव आहे. इंग्रजी अडणाऱ्यांसाठी कुणीतरी एकेक प्रकरण मराठीत सांगायचं. सुरुवात कशाने करायची यावर आमच्यातच एकमत नाही. काहींना बटलर हवी, कारण तिने कुणी दुखावणार नाही. आमच्यातल्या दोघी म्हणतात, फेटरपासूनच सुरुवात करा, आणि त्या दिवशी विहारात ज्यांची नावं राहुल आहेत त्यांना पुढे बसवा.