संत्र्याचा रस कारखान्याचा, साल कुणाची?



आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की वरूड-मोर्शीकडची बातमी ठरलेली: भाव पडले, चुरी संत्री रस्त्याच्या कडेला ओतली. २०१९ नंतर बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं, त्यानंतर तर जास्तच. आणि इथे स्टेट कॉलेजात चहा पिता पिता आपला तोडगाही ठरलेला: "अरे, रसाचे कारखाने काढा ना!"

काढा की. पण संत्र्याचा जवळजवळ निम्मा भाग रसात जातच नाही. साल, चोथा, बिया. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये पतंजलीचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला ८०० टनांची क्षमता जाहीर झाली. ती फळाची धरली तर पूर्ण चालीत रोजचा ४०० टनांच्या आसपास ओला चोथा. सालीचं तेल आणि भुकटी करू, असं तिथे सांगितलं गेलं. चांगलंच आहे. पण ते सौंदर्यप्रसाधनात जाणार, गोठ्यात नाही.

आपल्या भोवतीचे पेनसिल्वेनियातले दूधवाले बिअरच्या भट्टीचा चोथा, बेकरीचा उरलेला माल, सरकी, काय वाटेल ते गाईच्या खाद्यात बसवतात. फ्लोरिडाने तर संत्र्याच्या चोथ्याचा धंदाच उभा केला. युक्ती साधी आहे: सालीत चुना मिसळायचा, म्हणजे पेक्टिनने धरलेलं पाणी सुटतं, मग दाबायचं, वाळवायचं, गोळ्या पाडायच्या. मक्यातल्या स्टार्चसारखं हे पोटात पटकन आंबट होत नाही, म्हणून गाईला मानवतं. प्रथिनं मात्र ६-७ टक्केच, आणि चुन्यामुळे कॅल्शियम भरपूर पण फॉस्फरस कमी. ढेप लागतेच.

पण फ्लोरिडाची नक्कल विदर्भात करू नये असं माझं ठाम मत आहे. ओल्या चोथ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी. ते उडवायला जळण जाळायचं, आणि मग कडब्याशी किमतीत स्पर्धा करायची? शिवाय ज्या बागांवर तो धंदा उभा होता त्याच गेल्या. २००३-०४ मध्ये फ्लोरिडात सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २००५ मध्ये तिथे ग्रीनिंग रोग सापडला, आणि २०२२-२३ मध्ये उरल्या जेमतेम दीड कोटींच्या वर.

आपल्याकडे मुरघास बरा. सोयाबीन-तुरीचं कुटार विदर्भात पडूनच असतं. ओला चोथा कुटारात मिसळायचा, म्हणजे सुटणारं पाणी कुटार शोषून घेतं. दाबून, हवाबंद करून काही आठवडे ठेवायचा, आणि बरोबर सरकी ढेप. गाईला हळूहळू सवय लावायची, बुरशी आलेला भाग बाजूला टाकायचा. (अख्खी संत्री गोठ्यात ओतणाऱ्यांनो, जपून! गाईच्या घशात अडकतात.) फवारणीचे अंश सालीवरच राहतात, तेव्हा चोथा तपासून घेणं ही कारखान्याची जबाबदारी हवी, शेवटी ते दुधातून लेकरांच्या पोटात जायचं.

खरी अडचण तंत्राची नाहीच. शेतकरी अख्खं फळ वजनावर विकतो, साल कारखान्याची होते, तिचं काय झालं ते त्याला कळतही नाही. उसाच्या बाबतीत २०१२ मध्ये रंगराजन समितीने साखरेबरोबर उपपदार्थांची मिळकतही धरून ७० टक्के वाटा ऊस पिकवणाऱ्याला द्यावा असं सांगितलं, आणि २०१३ मध्ये महाराष्ट्राने तसा कायदाही केला. (अंमलबजावणीचं विचारू नका!) मग संत्र्याच्या चोथ्यावर बागायतदाराचा हक्क का नको? पैशात नसेल द्यायचा तर मालात द्या: संत्री घेऊन आलेली गाडी रिकामी परत कशाला जाते? वाहतूक खर्चात चोथा गावात परत आला, तर दुष्काळी वर्षात चाऱ्याला तेवढाच आधार.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरच्या बागा काटोल, वरूड, अचलपूरकडे आहेत, त्यांनी पुढचा माल देण्याआधी कारखान्याला एवढंच विचारा: चोथा परत देता का, आणि किती रुपये किलोने?

चू.भू.द्या.घ्या.