पाचव्या अंगावरच थांबलेल्या आपण



मागच्या महिन्यात आमचं महिला मंडळ मुक्तागिरीला गेलं होतं. बावन्न मंदिरांचं दर्शन, पायऱ्यांवर गुडघ्यांची परीक्षा, आणि मग परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला मुक्काम. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकली. बाहेर धुकं उतरलं आणि आत विषय निघाला, मंडळाकडे जमलेल्या पैशातून इथे एक साधना-निवास बांधायचा का? थंड हवा, शांतता, दहा-बारा खोल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, जरूर बांधू, पण त्यातल्या पाच खोल्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी ठेवू.

चहाचे दिवस असते आणि रात्रीचा चहा चालत असता तर कप खाली पडले असते. एक जण म्हणाल्या, "काहो ताई, आपल्यात असं असते का?" दुसरीने खिडकीकडे हात केला, "बाजाराच्या दिवशी मोहाची पिऊन पडलेले दिसतात, त्यांच्यासाठी म्हणता का?" ज्यांच्या डोंगरावर आपण हवा खायला येतो त्या कोरकूंकडे बोट दाखवून आपण मोकळ्या! त्या रात्री मी गप्प बसले. भांडायचं तर घरी बसून, नीट हिशेबाने भांडावं असं ठरवलं. म्हणून हा लेख.

आपल्यात असतं. माझ्याच घरात होतं. मोठ्या जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलंय, आणि "लिही" असं त्याच म्हणाल्या आहेत.

भाऊजी अचानक गेले तेव्हा जाऊबाईंना झोपेची गोळी दिली होती, पंधरा दिवसांसाठी. ती नऊ वर्षं चालली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. घराचा हिशेब माझ्याकडे असतो, बी.कॉम.चा तेवढाच उपयोग झाला म्हणा, त्यामुळे औषधाच्या दुकानाची बिलं मलाच दिसत होती. दर चार दिवसांनी पाकीट. मी ती बिलं 'किरकोळ' मध्ये टाकत राहिले. सासूबाईंना कळू नये, सुनेला कळू नये, मंदिरात कळू नये.

मग एका पर्युषणात जाऊबाईंनी माताजींसमोर नियम घेतला, आजपासून गोळीचा त्याग. आम्ही सगळ्यांनी अनुमोदना केली, डोळे पुसले. त्यात उपवासही होता. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, आणि चौथ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात फिट येऊन त्या पडल्या. दवाखान्यात डॉक्टर रागावले ते आमच्यावर. वर्षानुवर्षांची झोपेची गोळी अशी एका दिवसात तोडायची नसते. ती देखरेखीखाली, आठवड्या-आठवड्याने, कधी महिने घेऊन कमी करावी लागते. दारूचंही तेच. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. यात माताजींचा दोष नाही, त्यांना आम्ही खरं सांगितलंच नव्हतं. किती गोळ्या, किती वर्षं, काहीच नाही.

पुढे त्यांना पुण्याला उपचारासाठी नेलं. इथे सगळ्यांना काय सांगितलं? "जाऊबाई यात्रेला गेल्या." महिनाभराची यात्रा! त्या बऱ्या होऊन आल्या. आल्यावर सुनेने कपाटाच्या किल्ल्या कमरेला लावल्या. चौमासात आमच्या घरी चौका लागला तेव्हा कोणीतरी कुजबुजलं, यांचा नियम मोडलेला आहे, यांनी आहार द्यावा का? जाऊबाई स्वतःहून मागे सरकल्या. पाच महिन्यांनी पाकीट पुन्हा उशीखाली सापडलं.

आता स्वाध्यायातलं आठवा. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण मुलींना पाठशाळेत पाठ करून घेतो. पाचवं उपगूहन, दुसऱ्याचा दोष झाकणं. सहावं स्थितीकरण, मार्गावरून घसरणाऱ्याला पुन्हा स्थिर करणं. आपला समाज पाचव्या अंगात पारंगत आहे. झाकणं आपल्याला कोणी शिकवायला नको. पण झाकायचं ते सावरायला सवड मिळावी म्हणून, आणि आपण झाकून तिथेच थांबतो. वारिषेण मुनींची कथा काय सांगते? पुष्पडाल बारा वर्षं मुनिवेशात राहून मनाने घरीच होता. वारिषेणांनी त्याला उपदेश पाजला नाही, की संघातून काढलं नाही. त्याला बरोबर घेऊन स्वतःच्या राजवाड्यात गेले, जे सोडलं होतं ते त्याला दाखवलं आणि परत घेऊन आले. सोबत चालत गेले, हे महत्त्वाचं.

आणि त्या चौक्याच्या दिवशी मला चंदना आठवली, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. साखळदंडात उभी, हातात मातीच्या सकोऱ्यात कोदऱ्याचा भात. भगवान महावीरांनी आहार घेतला तो तिच्या हातचा. आमच्या चौक्याला मात्र जाऊबाईंचे हात चालले नाहीत.

"बायकांचं प्रमाण कितीसं?" असं विचारणाऱ्यांसाठी आकडे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 27.3 टक्के, बायकांचं 1.6 टक्के. झालं, कमीच आहे की! पण त्याच अहवालात औषध म्हणून नव्हे तर नशेसाठी किंवा सवयीने झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या घेणारे देशात सुमारे 1 कोटी 18 लाख आहेत. यात स्त्री-पुरुष दोघंही आले. गोळीला वास येत नाही, ती रात्रिभोजनातही कोणी धरत नाही, आणि आपल्या सप्तव्यसनांच्या यादीत ती बसत नाही. (ती यादी पुरुषाकडे तोंड करून लिहिली आहे, हे शेवटचं व्यसन वाचलं की कळतंच.)

कोणी म्हणेल, मग पुण्यालाच पाठवा. पाठवाच. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणने महाराष्ट्राला व्यसन हा आजार आहे हे समजावलं. तिथे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. अशा ठिकाणांना मी नावं ठेवणार नाही. पण जाऊबाईंचा अनुभव असा, की उपचार संपल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. पुरुष बरा होऊन येतो तेव्हा दारात ओवाळतात. बाई येते तेव्हा माहेर म्हणतं सासरी जा, सासर म्हणतं थोडे दिवस माहेरी राहा. अंजनासतीचं काय झालं होतं? सासूने संशयाने काढलं, वडिलांनीही दार लावलं, शेवटी गुहा. चिखलदऱ्याला मला गुहा नको, पाच खोल्या हव्यात.

धर्माचं घर कशाला, असंही विचाराल. तर जाऊबाई उपचाराच्या दिवसांत कांदा-लसणाच्या भाजीपुढे बसून रडायच्या. व्यसन सुटतंय की धर्म सुटतोय हेच त्यांना कळेना. दुसरं, अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेली 'एए' म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस जगभर पसरली. तिच्या बारा पायऱ्यांत स्वतःच्या चुकांचा ताळेबंद मांडणं, दुसऱ्यापाशी त्या कबूल करणं, रोज पुन्हा तपासणं हे सगळं आहे. अहो, ही तर आपली आलोचना आणि प्रतिक्रमण! रोज करतो, आणि बहुतेक वेळा ओठांनीच.

पण माझी एक अट आहे, आणि तिच्यावरून मी मंडळात भांडणार आहे. डॉक्टरांशिवाय हे घर नको. नुसत्या श्रद्धेवर चालवलेल्या घराचं काय होतं ते तामिळनाडूत एरवाडीला दिसलं. 2001 मध्ये तिथल्या आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं बंद केलंच आहे, आणि अशा संस्थेला नोंदणीही लागते. म्हणून पहिला अवघड टप्पा अमरावतीत, दवाखान्याजवळच. पावसाळ्यात धुक्यातून घाट उतरून पेशंट नेण्याची वेळच येऊ नये. शरीर सावरल्यावर तीन महिने वर चिखलदऱ्याला. सकाळी दर्शन-सामायिक, दुपारी काम, आठवड्याला समुपदेशक, आणि घरच्यांना महिन्यातून एकदा बोलावून समोर बसवायचं. सुनेलासुद्धा. कोणाला कोंडायचं नाही, उपवासाची सक्ती नाही, आणि नियम मोडला म्हणून हाकलायचं नाही.

खर्चाचं. दहा बायका, नव्वद दिवस, म्हणजे 900 दिवस. राहणं-जेवण दिवसाला 400 धरले तर एका तुकडीचे 3,60,000 रुपये. समुपदेशक, परिचारिका आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांचा खर्च वेगळा. हा माझा अंदाज आहे, तपासून घ्या. पंचकल्याणकाच्या बोल्या आपण सगळ्यांनी ऐकल्यात, तेव्हा पैसे नाहीत असं मला कोणी सांगू नये.

आणि बदनामीचं म्हणाल, तर शंभर वर्षांपूर्वी विधवा बाई म्हणजे घरातली लपवायची गोष्ट होती. तरुणपणीच विधवा झालेल्या मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला, सोलापुरात सुमतीबाई शहांनी केवढी संस्था वाढवली. आपल्या कारंज्यालाही श्राविकाश्रम झाला. तेव्हाही कोणीतरी म्हटलंच असेल, आपल्यात अशा बायका कुठे आहेत. त्याच आश्रमांत शिकलेल्या बायकांच्या लेकी-नाती आज मंडळात बसून मला तेच विचारतात.

तोवर, घरात कोणाची पाकिटं वाढत असतील तर एकदम हिसकावू नका. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या आजारांसाठी 14416 हे सरकारी मोफत नंबर आहेत. नाव न सांगताही विचारता येतं.

जाऊबाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. दुसऱ्या वेळी गोळी कमी करायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत रोज दुपारी त्या माझ्याकडे येऊन बसायच्या, मी डाळ निवडायची, त्या पाकिटातली अर्धी गोळी माझ्यासमोर मोडायच्या. मंडळाची बैठक येत्या अष्टमीला आहे. "मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या, "विचारू दे मला, आपल्यात असते का म्हणून."