भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा नसतो

"अजूनही एमॅक्स? व्हीएस कोडमध्ये काय वाईट आहे रे?" हापिसात कुणी नवीन जॉइन झालं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. :-)

आधीच सांगून टाकतो, व्हीएस कोड वाईट नाही. पहिल्याच दिवशी कामाला लागायचं असेल तर खुशाल तेच घ्या. एमॅक्सने टायपिंगचा वेग दुप्पट होतो वगैरे गोष्टींवर माझाही विश्वास नाही. आपला बराचसा वेळ टाइप करण्यात जातच नाही. तो जातो दुसऱ्याचा कोड वाचण्यात आणि मीटिंगांमध्ये. तेव्हा वेगाचा मुद्दा बाद. माझा मुद्दा मालकीचा आहे.

भाड्याने राहिलेल्यांना हे लगेच कळेल. फ्लॅट झकास असतो, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. पण भिंतीत एक खिळा ठोकायचा तर मालकाला फोन! आणि 11 महिन्यांचा करार संपला की पुन्हा खोकी भरायची.

एमॅक्स हे जुनं, पण स्वतःचं घर. 1976 साली एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी 'टेको' नावाच्या एडिटरवर मॅक्रोंचा एक संच रचला, तिथून ही गोष्ट सुरू होते. आज आपण वापरतो ते ग्नू एमॅक्स 1985 मध्ये आलं. आत सी भाषेतला गाभा आणि वरचं बरंचसं बांधकाम एमॅक्स लिस्पमध्ये. ही लिस्प नुसती प्लगिन लिहायची भाषा नव्हे, एडिटरच तिच्यात लिहिलाय. म्हणजे ज्या हत्यारांनी घर बांधलं, तीच राहणाऱ्याच्या हातात दिलेली.

याचा अर्थ रोजच्या कामात काय? कंट्रोल-एच दाबा, मग के दाबा, आणि मग कुठलीही की. ती की कुठलं फंक्शन चालवते, ते काय करतं, सगळं समोर येतं. तिथूनच सोर्समध्ये जाता येतं. आवडलं नाही तर बदला, तो तुकडा तिथल्या तिथे चालवा, एडिटर बंद न करता वागणं बदलतं.

माझं एक साधं उदाहरण देतो. आमच्या लॉगमध्ये वेळ 13 आकडी मिलिसेकंदांत येते. ते आकडे कॉपी करा, ब्राउझरमध्ये पेस्ट करा, भारतीय वेळ काढा, हा उद्योग दिवसातून वीसदा. म्हणून आठ-दहा ओळींचं एक फंक्शन लिहिलं: कर्सरखालचा आकडा उचल, हजाराने भाग, तारीख-वेळ करून खालच्या ओळीत दाखव. एफ9 ला बांधून टाकलं. ते बाजारात कुणी करून विकणार नाही, कारण ती खाज फक्त आमची. त्यानंतर दोन लॅपटॉप बदलले, फंक्शन आहे तिथेच आहे.

आता भाड्याच्या घरांचं काय होतं तेही बघा. गिटहबने 2014 मध्ये 'अ‍ॅटम' आणला. तोही मनसोक्त बदलता येणारा, लोकांनी हजारो पॅकेजेस लिहिली. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली, आणि डिसेंबर 2022 मध्ये अ‍ॅटमला कुलूप लागलं. सोर्स खुला होता म्हणून काही मंडळींनी 'पल्सार' नावाने तो पुढे चालू ठेवला, पण बाकीच्यांना बाडबिस्तरा हलवावाच लागला. नुसता 'बदलता येणारा' असून भागत नाही. कुणा एका कंपनीच्या मर्जीवर न चालणाराही हवा.

असो. दुसरी बाजूही आहे. व्हीएस कोडची एक्स्टेन्शन्स वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यामुळे एक रुसलं तरी एडिटर सहसा अडत नाही. एमॅक्समध्ये भिंतीच नाहीत. एक फंक्शन लटकलं की अख्खी खिडकी गार! कुठलंही पॅकेज कशालाही हात लावू शकतं, म्हणून अनोळखी पॅकेज डोळे मिटून घालू नये. आणि कंट्रोलच्या करामतींनी करंगळी दुखते हे खरंच आहे (कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका, बरंच सुसह्य होतं). शेजाऱ्याकडून घेण्यासारखंही पुष्कळ असतं. भाषेची समज एडिटरला पुरवणारा एलएसपी हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने 2016 मध्ये खुला केला. 2023 च्या एमॅक्स 29 पासून त्याचा क्लायंट 'एग्लॉट' आतच मिळतो.

"पण ते कॉन्फिग करण्यात वीकेंड जातात त्याचं काय?" जातात ना, नियम नसेल तर. माझा नियम असा: एकच गोष्ट तीनदा टोचली तरच तिला हात लावायचा. दुसऱ्याची हजार ओळींची फाइल उचलून आणायची नाही. आणि जी ओळ का आहे हे सांगता येत नाही, ती काढून टाकायची. आता एआयला सांगितलं की लिस्प दोन मिनिटांत लिहून मिळतं. हा तिसरा नियम त्यामुळे जास्तच लागू होतो.

तुम्ही एमॅक्सच घ्या असा आग्रह नाही. व्हिम घ्या, तेही स्वतःचंच घर आहे. पण पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज आठ तास ज्या खिडकीसमोर बसायचंय, तिच्यात एक तरी खिळा आपल्या हाताने ठोकलेला असावा. आज रोज टोचणारी एक गोष्ट शोधा आणि तिच्यासाठी दहा ओळी लिहून बघा. मग बोलू.