संमेलन कर्जतलाच हवे



बालसाहित्यावर लिहिणाऱ्यांचा मेळावा कर्जतला भरवण्याच्या सूचनेवर एका वाचकाने लिहिले आहे की, तालुक्याच्या ठिकाणी श्रोते मिळणार नाहीत, पुणे-मुंबईच योग्य. मला हे पटत नाही. कर्जत दोन्ही शहरांना रेल्वेने जोडलेले आहे. खोपोलीची लोकलही इथूनच जाते. पाहुण्यांची गैरसोय होणार नाही.

श्रोते म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवू या. खालापूरच्या एका वाडीवर आम्ही चित्रांचे पुस्तक वाचत होतो. खेकड्याचे पान उघडताच एका कातकरी मुलीने बोट ठेवून पाय मोजले आणि विचारले, "सहाच कसे? नांग्या सोडून आठ असतात ना!" लेखक, चित्रकार आणि पुस्तकांची परीक्षणे लिहिणारे यांनी असा प्रश्न समोर बसून ऐकायला हवा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचला. वाडीवरच्या मुलांच्या हाती तो किती वेळा पडला?

तारखेबाबत मात्र आग्रहाने सांगते. असे मेळावे सहसा थंडीत ठेवतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही बरोबर जातात. जानेवारीत सभागृह भरेल, पण ही मुले नसतील. गणपती झाल्यावर, भातकापणीच्या आधीचा रविवार धरा. मंडप नको, शाळेचा व्हरांडा पुरे. हारतुऱ्यांचे पैसे पुस्तकांना लावा आणि ती तिथेच ठेवून या.

— एक वाचक शिक्षिका, कर्जत